पिल्लांचा खाऊ

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू दोन दिवस काही न खाता तग धरतं. फुटण्याच्या आधीच उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला गेलेला असतो, त्यावर त्याचं भागतं. हॅचरीतली एक दिवसाची पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यांतून घाट उतरून कोकणात जिवंत पोचतात ती याच बळावर. तेव्हा घरी आणल्याआणल्या ‘उपाशी असतील हो’ म्हणून ताटातलं काढून घालायची घाई नको. आधी पाणी. उथळ ताटलीत, कोमट, तळाशी चार गोटे टाकून, कारण एवढंसं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं. लांबून आलेल्यांना पाण्यात थोडा गूळ विरघळवून देतात. पहिल्या दिवसापुरतं ते ठीक आहे. पुढे तसंच चालू ठेवलं तर पिल्लांचं पोट बिघडतं आणि भांड्याला मुंग्या लागतात.

पाण्याच्याही आधी ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी चालते. आषाढात आमच्या दाभोळच्या पडवीत ती आपोआप मिळत नाही. गारठलेलं पिल्लू समोर काहीही ठेवलं तरी खात नाही. त्याला आवडलं नाही असं आपल्याला वाटतं आणि आपण दुसरा खाऊ शोधायला लागतो.

*

खाऊ किती, याचा पशुपालकांत रूढ असलेला ठोकताळा आहे: दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागाहून जास्त नाही. आता हिशेब करा. आठवड्याचं पिल्लू दिवसाला जेमतेम दहा-बारा ग्रॅम खातं. त्याचा दहावा भाग म्हणजे एक ग्रॅम. एक ग्रॅम तांदूळ म्हणजे चाळीस-पन्नास दाणे, दोन बोटांच्या चिमटीत मावतील एवढे. घरातलं प्रत्येक पोर, आजोबा आणि पाहुणे अशी एकेक चिमूट घालतात.

*

आमच्याकडे पिल्लांचा खाऊ म्हटला की शितं. जेवणं आटपली, पातेलं खरवडलं, मागल्या दारी टाकलं. कोकणात भाताशिवाय दुसरं काय टाकणार? पण या पांढऱ्या शितांचा कोंबड्यांशी असलेला संबंध वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेला आहे, आणि ती गोष्ट आपल्याकडे सांगितली जायला हवी तेवढी जात नाही.

1880च्या दशकाच्या अखेरीस क्रिस्तियान आइकमान नावाचा डच लष्करी डॉक्टर जावा बेटावर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरी या माणसांच्या रोगाचा जंतू शोधत होता. प्रयोगशाळेत कोंबड्या पाळलेल्या होत्या. त्या एकाएकी लंगडायला लागल्या, पाय लुळे पडले, माना मागे जायला लागल्या. जंतू काही सापडेना. मग काही महिन्यांनी त्या तितक्याच एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशीत कळलं ते असं. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला उरलेला भात मिळत होता, पांढराशुभ्र, सडीक तांदळाचा. मग नवा आचारी आला. लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना देणार नाही, म्हणाला. कोंबड्या पुन्हा कोंड्यासकटच्या हलक्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या.

आइकमानला बराच काळ वाटत होतं, की पांढऱ्या तांदळात काहीतरी विषारी असावं आणि कोंडा हा त्यावरचा उतारा असावा. त्याच्यामागून तेच काम करणाऱ्या खेरिट ग्रेइन्सने 1901 साली उलटं सांगितलं: भातात काही जास्त नाही, काहीतरी कमी आहे. ते कमी असलेलं म्हणजे आपण आज ज्याला ब-1 जीवनसत्त्व म्हणतो ते. 1929 साली आइकमानला नोबेल मिळालं. आचाऱ्याला काही मिळालं नाही. माझ्या मते अर्धं श्रेय त्या कंजूष माणसाचं.

म्हणजे शितं वाईट नव्हेत. चार शितांनी कोणाचे पाय लुळे पडत नाहीत. पण तांदळात प्रथिनं सात टक्क्यांच्या आसपास, आणि वाढत्या पिल्लाला लागतात वीस टक्क्यांच्या आसपास. पिल्लाचं पोट केवढं! ते शितांनी भरलं की खऱ्या खाण्याला जागा उरत नाही. पिल्लू दिसतं गुबगुबीत, पंख मात्र फुटत नाहीत. पेज घालायची असेल तर मीठ घालायच्या आधीची काढावी.

*

मान वाकडी झालेलं पिल्लू दिसलं की वाडीत एकच शब्द उठतो: मानमोडी. मानमोडी म्हणजे रानीखेत, विषाणूचा रोग. 1926 साली जावात आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलला तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि त्यानंतर लवकरच आपल्याकडे कुमाऊंतल्या रानीखेतला. (कोंबड्यांच्या दुखण्यांच्या गोष्टीत जावा पुन्हापुन्हा येतं.) पण ब-1 कमी पडलं तरी मान अशीच मागे पडते, पिल्लू आभाळाकडे बघत बसतं. रोगात सोबत हिरवट हगवण असते, श्वासाला घरघर असते आणि एकामागून एक पिल्लं आडवी होतात. नुसत्या भातावरचं एकटंदुकटं पिल्लू असेल तर दुसरी शंकाही घ्यावी. ठरवायचं मात्र डॉक्टरने. घरच्या घरी दोन्हींवर हळद देऊन मोकळं व्हायची पद्धत आहे. हळदीने अपाय नाही, पण विषाणू काही हळदीला ऐकत नाही.

*

‘खायला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण माणसाच्या दारिद्र्याची. पिल्लाला मात्र कोंडा आणि धोंडा दोन्ही खायलाच लागतात. धोंड्याचं पुढे येतंय.

कोंड्याबद्दल दोन गोष्टी. गावच्या जुन्या भातगिरणीत एकाच दमात सडून निघणाऱ्या कोंड्यात तूस बरंच असतं. तूस पिल्लाला पचत नाही. बारीक चाळणीने चाळून खाली पडेल तो कोंडा पिल्लांना, वर राहील तो म्हशीला. दुसरं म्हणजे तो ताजा हवा. भाताच्या कोंड्यात तेल असतं आणि सडल्या क्षणापासून ते खवट व्हायला लागतं. पावसाळ्यात तर आठवड्याभरात वास येतो. नाकाला नको वाटला तर पिल्लालाही नको.

*

कोंबडीला दात नाहीत. दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत जातो, तिथे भिजतो, आणि पुढे पेट्यात पोचतो. कलेजीबरोबर आपण चवीने खातो तोच हा पेटा. त्याचं जातं चालायचं तर आत खडे हवेत. अंगणात सोडलेलं पिल्लू ते स्वतः टिपतं. खोक्यातल्या पिल्लाला कोण देणार?

शेजारच्या काकी म्हणाल्या, “काय गं, आमच्या आजीने कधी वाळू चाळून घातली होती काय पिल्लांना? जगली की नाही?”

“काकी, तुमच्या आजीची पिल्लं परसात होती. तुमची टीव्हीच्या खोक्यात आहेत.”

त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी ताटलीत वाळू होती.

नुसतं चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, खाणाऱ्या पिल्लाला खडे लागत नाहीत, ते भरड पीठच असतं, पाण्याने विरघळतं. पण त्यापलीकडचा एक दाणा, एक पान, एक किडा दिला की खडे हवेत. हा नियम मी सगळ्यांत वर ठेवीन: वाळू नाही तर खाऊ नाही. वाळू नदीची, जाडसर, रव्याहून मोठी आणि तांदळाच्या कणीएवढी. किनाऱ्यावरची आणलीच तर दोन-तीन पाण्यांतून खळबळून, वाळवून.

आणि इथे दाभोळकरांची हमखास गल्लत होते. खाडीकाठी शिंपल्यांना काय तोटा! तिसऱ्यांची टरफलं, कालवांची कवचं कुटून कोंबड्यांना घालायची जुनी रीत आहे आणि अंड्यावरच्या कोंबडीला ती उत्तम आहे, कारण अंड्याचं कवच चुन्याचं असतं. तीच कूट लोक पिल्लांच्याही ताटलीत टाकतात, ‘खडेच ते’ म्हणून. ते खडे नव्हेत. शिंपला पोटात विरघळतो, वाळू विरघळत नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लाच्या खाद्यात एक टक्क्याच्या आसपास. जादा चुना पिल्लाच्या मूत्रपिंडात साठतो आणि मूत्रपिंडं निकामी होतात. याच कारणाने मोठ्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पिल्लांपुढे ठेवू नये, ते स्वस्त पडलं तरी.

*

सुकी मासळी. जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेर मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, आणि घराघरांत उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला जवळा, बोंबील, खारवलेले मासे. पिल्लं बहुतेक याच हंगामात खोक्यात असतात. मासळीत प्रथिनं भरपूर, तयार खाद्यातही मासळीची कुटी वापरतात, तेव्हा कल्पना चुकीची नाही. अडचण मिठाची. पिल्लाच्या मूत्रपिंडांना मीठ बाहेर टाकायची फारशी ताकद नसते. मीठ जास्त गेलं की पिल्लू पाणीपाणी करतं, पोट फुगतं, पातळ हगतं, कातडीखाली पाणी साठतं, आणि शेवटी तडफडून मरतं. खारवलेल्या माशाचं डोकं तर अजिबात नको. मीठ न लावता नुसता उन्हात कडक वाळवलेला जवळा असेल, तर तो धुवावा, पुन्हा वाळवावा, पूड करावी आणि चिमटीने द्यावी. कोळंबीची सोललेली टरफलं शिजवून बारीक केली तर चालतात, मात्र आमटीतली नव्हेत.

खाडीलगतच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागायला लागलं तर पिल्लांचं पाणी वरच्या विहिरीचं आणावं. आपण मचूळ पाणी चहात खपवतो, पिल्लांना तसं खपवता येत नाही.

*

दाभोळात कोंबडी-अंड्यांचा विषय निघाला की बाहेरचा माणूस अंडा मशिदीबद्दल विचारतोच. आदिलशाहीच्या काळातली देखणी इमारत आहे, जरूर बघावी. पिल्लांच्या खाण्याशी तिचा संबंध नाही.

*

संबंध असलाच तर अफनासी निकितीनचा आहे. हा रशियन व्यापारी 1470च्या आसपास हिंदुस्थानात फिरला आणि परतीचं गलबत त्याने दाभोळलाच पकडलं, होर्मुझला जाणारं. त्या काळी दाभोळला अरबस्तान-खुरासानातून घोडे उतरत. निकितीनने लिहून ठेवलंय, की हिंदुस्थानातले लोक घोड्यांना वाटाणे घालतात आणि साखर-तेल घालून खिचडी शिजवतात. जनावराला आपल्या ताटातलं, तेही गोड करून घालायची हौस आपल्याकडे निदान साडेपाचशे वर्षं जुनी आहे. घोडा धष्टपुष्ट असतो, निभावून नेतो. पिल्लाला साखर नको, तेल नको. बिस्किट नको, फरसाण नको, वेफर्स तर नकोच.

*

किड्यांबद्दल मला उत्साह आहे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली वाळवी उठते, तेव्हा परातीत पाणी घालून दिव्याखाली ठेवावी. सकाळी पिल्लांची चैन. लाकडाच्या ढिगाखालची, शेणाच्या गोवऱ्यांखालची साधी वाळवीही चालते. पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासो आणि टोगोकडे, खेड्यांतले लोक मडक्यात शेण आणि काटक्या भरून ते वारुळाजवळ पालथं घालतात आणि गोळा झालेली वाळवी पिल्लांपुढे झटकतात. आपल्याकडे फुटकी मडकी आहेत, शेण आहे आणि वाळवी तर घराच्या वाशांतच आहे.

एकच अट: त्या जागी वाळवीचं औषध मारलेलं नसावं. कलमांच्या बागेत फवारणी झाली असेल तर तिथले किडे, पानं, गवत काहीही नको. गांडुळं मात्र मी लहान पिल्लांना देत नाही. अंगणातल्या गांडुळांतून श्वासनलिकेतल्या जंतांचा प्रसार होतो.

*

बुरशी. कोकणच्या पावसाळ्यात बूट, पुस्तकं, पापड, सगळ्यांना बुरशी येते, मग पिल्लांच्या खाद्यालाच का नाही? ‘माणसाला नको तर कोंबड्यांना घाल’ हा आपल्याकडचा सर्वांत घातक नियम. 1960 साली इंग्लंडात टर्कीची लाखाहून जास्त पिल्लं काही महिन्यांत मेली. कारण कळेना, म्हणून रोगाला नाव दिलं ‘टर्की एक्स’. शोध लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी. तिच्यावर वाढलेल्या बुरशीचं विष यकृत जाळत होतं. अफ्लाटॉक्सिन हे नाव त्यातून आलं. हे विष भाजून-शिजवून जात नाही, आणि वरची बुरशी पुसली तरी आत राहतं.

म्हणून बुरसलेली भाकरी, कुबट मका, काळे पडलेले दाणे, ओलसर पोत्यातली पेंड, यांतलं काही पिल्लांना नाही. मोठ्या कोंबड्यांनाही नाही. ते खड्ड्यात जावं. ओला खाऊ दिला असेल तर तासाभराने उरलेला उचलावा, नाहीतर खोक्यात अंथरलेल्या तुसात मिसळतो, तूस ओलं होतं आणि ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पावसाळ्यात सर्वांत जास्त मरतात ती याने. स्टार्टरमध्ये पुष्कळदा या हगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं. खाऊनेच पोट भरलं तर औषधही पोटात जात नाही, हे कोणी लक्षात घेत नाही.

*

फुटकळ.

उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून: पहिला खाऊ म्हणून याच्याइतकं चांगलं काही नाही. ऐकायला विचित्र वाटतं खरं. कच्चं अंडं नको.

दूध नको, त्यातली साखर पक्ष्याला पचत नाही. दही चमचाभर चालतं.

कडवे वाल, पावटे, राजमा कच्चे कधीही नकोत. भिजवून, मोड आणून, नीट शिजवून, कुस्करून.

शेवग्याचा पाला उत्तम, कात्रीने बारीक करून. गवताची लांब पाती घालू नयेत, गळ्याच्या पिशवीत त्यांचा गुंता होतो. रात्री झोपताना पिशवी भरलेली आणि सकाळी रिकामी, हे बोटाने चाचपून बघायची सवय ठेवावी. सकाळीही ती टणक लागली तर खाऊ बंद.

नाचणी भरडून चालते, कण्या चालतात. कच्च्या तांदळाने पोट फुगून पक्षी फुटतो हे खोटं.

बटाट्याचं हिरवं साल नको. चहाची पत्ती नको.

पिल्लांना हात लावल्यावर पोरांनी साबणाने हात धुवावेत, मग स्वतःचा खाऊ खावा.

*

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवून एकवीस दिवसांनी पिल्लं काढली असतील तर वरचं निम्मं विसरलं तरी चालेल. ती स्वतः बघते. दाणा उचलते, टाकते, पुन्हा उचलते, वेगळा आवाज काढते आणि पिल्लं धावतात. 1996 साली क्रिस्टीन निकोल आणि स्टुअर्ट पोप या दोघांनी ब्रिटनमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्यांना आधी शिकवलं, की अमुक रंगाचं खाद्य बेचव आहे. मग त्यांची पिल्लं त्याच रंगाचं खाताना त्यांना दाखवली. आयांनी ताबडतोब टोचणं, उकरणं वाढवलं, पिल्लांना दुसरीकडे वळवायला. पिल्लाला स्वतःला सुरुवातीचे दोन-तीन दिवस वाळू आणि दाणा यांतला फरकही कळत नाही, चमकेल ते टोचतं. हे कळणारी आई खोक्यात नसते.

कोंबडी असली की एकच त्रास: पिल्लांचा खाऊ तीच खाते. त्यासाठी डालगं पालथं घालून खालची कड दोन विटांवर उचलावी. पिल्लं आत जातात, ती बाहेर राहते. वर झाकण असल्याने घारही निराश. उघड्या अंगणात खाऊ फेकणं म्हणजे घारीला आमंत्रण. सगळी पिल्लं एका जागी जमतात आणि तिला निवडायचंही काम राहत नाही.

*

बाजारात, जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात. अंड्यांच्या जातीचे हे नर असतात. अंडी देणार नाहीत, मांसही फारसं धरणार नाहीत, म्हणून हॅचरीला नकोसे. मूल हट्ट करतं, आपण एक घेतो, चपलेच्या खोक्यात ठेवतो आणि बिस्किटाचा चुरा घालतो. एकटं पिल्लू गारठतं, चिवचिवत राहतं, बहुतेकदा आठवडाही काढत नाही. घेऊ नये हे माझं मत. घेतलंच असेल तर रात्रीचा दिवा, चिक स्टार्टर आणि सोबतीला आणखी एक पिल्लू, एवढं तरी करावं. खाऊ दुसऱ्या आठवड्यात.

*

वाडीतल्या लोकांना एक विनंती. मानमोडीच्या पहिल्या लशीचा थेंब पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात पहिल्या आठवड्यातच घालायचा असतो. लशीची कुपी साधारण शंभर पिल्लांची असते आणि एकदा मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून दोन-चार पिल्लांसाठी ती कोणी फोडत नाही. तुमच्याकडे आणि शेजारच्या तीन घरांत एकाच सुमारास पिल्लं निघाली असतील तर आधी एकमेकांना विचारा, पशुवैद्यकीय दवाखान्यात एकत्र दिवस ठरवा आणि सगळी खोकी एकदम घेऊन जा. शितं, जवळा, वाळवी यांचं त्यानंतर बघू.